मावशी, यांना नेव्हीत जाऊ देऊ का?

गेल्या रविवारी रात्री साडेदहाला भाचेसुनेचा व्हिडिओ कॉल आला. तिथे कॉर्कला संध्याकाळचे सहा, पण गोव्यात आमच्या पेडण्यात साडेदहा म्हणजे कुत्रीसुद्धा भुंकून दमलेली असतात. आमचे हे केव्हाच घोरत होते. एवढ्या उशिरा फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला.

"मावशी, तुमच्याशी एकटीशी बोलायचंय," ती म्हणाली. "यांना नेव्हीत जायचंय."

एरवी ती नवऱ्याला नावाने हाक मारते. 'यांना' म्हणाली तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

"कुणाच्या नेव्हीत?"

"इथल्याच. आयर्लंडच्या."

मला आधी हसूच आलं. आयर्लंडला नेव्ही आहे हे तोवर माझ्या डोक्यातही आलेलं नव्हतं.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, डिचोलीचा. त्याचे आजोबा १९६१ च्या आधी पोर्तुगीज गोव्यात जन्मले, त्या जन्माची लिस्बनला नोंद केली आणि नातवाच्या हातात पोर्तुगीज पासपोर्ट आला. गोव्यात ही गोष्ट घरोघरी आहे, लांबवत नाही. आयर्लंडला गेला, दोन वर्षं गोदामात पेट्या उचलल्या, मग कोर्स करून रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात मेंटेनन्सला लागला. बायको साखळीची, तिथे हॉस्पिटलात नर्स. मुलगी चार वर्षांची.

आता रिंगास्किडी कुठे, तर कॉर्कच्या बंदरात. समोरच हॉलबोलाइन नावाचं बेट, आणि त्या बेटावर आयर्लंडच्या नौदलाचा तळ. भाच्याला ये-जा करताना राखाडी रंगाची जहाजं दिसतात. रोज दिसतात. नेमकी हीच गोम आहे. जहाजं रोज दिसतात, कारण ती जागची हलत नाहीत.

त्यात तिथल्या सरकारने भरतीची वयोमर्यादा २९ वरून ३९ वर नेली. हा चौतीस वर्षांचा, पासपोर्ट युरोपातला, म्हणजे अर्ज करायला मोकळा. वेडाला निमित्तच हवं होतं.

"तुम्ही सतरा वर्षं नेव्हीवाल्याची बायको म्हणून काढलीत," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा, जाऊ देऊ का?"

मी म्हटलं, मला आठवडा दे.

त्या आठवड्यात मी आयर्लंडच्या फौजेची कुंडली मांडत बसले. दुपारी जेवण झालं की मोबाइल आणि वही घेऊन ओसरीवर. हे विचारायचे, काय चाललंय? मी म्हणायचे, स्थळ बघतेय.

देश केवढा, तर २०२२ च्या जनगणनेला एक्कावन्न लाख माणसांचा. भूदल, हवाई दल, नौदल मिळून मंजूर संख्या ९,५००. प्रत्यक्षात २०२३ संपताना साडेसात हजारांच्या आसपास. नौदलाची मंजूर संख्या १,०९४ आणि हजेरी आठशेच्याही खाली. म्हणजे वर्गाच्या पटावर चाळीस मुलं आणि बाकांवर तीसच, असा प्रकार. लढाऊ जेट विमान एकही नाही. सैन्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या पाव टक्क्याच्या आसपास, युरोपीय संघात सगळ्यांत कमी. आणि देश बेटावर आहे! उत्तर आयर्लंडची सीमा सोडली तर सगळीकडे समुद्र, आणि त्यांच्या वाट्याचा समुद्र त्यांच्या जमिनीच्या कितीतरी पट.

जहाजांची नावं मात्र मला फार आवडली. सॅम्युअल बेकेट, जेम्स जॉइस, विल्यम बटलर येट्स, जॉर्ज बर्नार्ड शॉ. २०१४ ते २०१९ मध्ये घेतलेली चार नवी जहाजं, चारही साहित्यिकांच्या नावाची. आपल्याकडे कवी बोरकरांच्या नावाने 'आयएनएस बाकीबाब' निघाली असती तर बोरीच्या लोकांनी पूजेला मांडवीच्या काठावर किती गर्दी केली असती, या विचाराने मी एकटीच हसले.

तर २०१९ च्या उन्हाळ्यात या नौदलाने आपल्या ताफ्याचं मुख्य जहाज 'एथना' आणि त्याच्यासोबत 'ओर्ला' अशी दोन जहाजं धक्क्याला बांधून ठेवली. मुख्य कारण एकच. चालवायला माणसं नव्हती. २०२२ मध्ये ही दोन आणि 'कीरा' नावाचं तिसरं, एकाच दिवशी सेवेतून काढली. त्यांच्या बदल्यात न्यूझीलंडकडून दोन छोटी वापरलेली जहाजं घेतली, कारण छोट्या जहाजाला माणसं कमी लागतात. आणि २०२३ उजाडलं तसं, माणसं नाहीत म्हणून आणखी दोन जहाजं बाजूला ठेवायची पाळी आली.

मी हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा आमचे हे पहिल्यांदा सावरून बसले. हे इंजिन रूमचे. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकलेले, १९८४ ते २००८ नोकरी, चीफ होऊन निवृत्त. निवृत्तीनंतर बोलायला विषय दोनच, नारळाला लागणारी कीड आणि डिझेल इंजिन.

"बेकेटवर माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"चव्वेचाळीस लिहिलंय."

"म्हणजे एक पणजी बस. सगळे सीटवर बसलेले." त्यांनी थोडा विचार केला. "त्यातली चाळीस आली तर चालेल का, असं तुला वाटेल. चालणार नाही. कुठली चार नाहीत त्यावर आहे."

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या नदीवर फेरीबोट असते. तिकिटवाला नसला तरी बोट पलीकडे जाईल. दोरी टाकणारा नसला तर प्रवाशांतला कुणीतरी दोरी टाकेल. पण इंजिनवाला तापाने फणफणला असेल तर धक्क्यावर दोनशे माणसं आणि पन्नास स्कूटर उभ्या राहतात, नुसत्या पाण्याकडे बघत. जहाजाचंही तसंच. इंजिन रूममध्ये दिवसरात्र पाळी लावायची तर जबाबदारी घेऊ शकणारी माणसं ठराविक संख्येत हवीतच. विजेची, रडारची, वायरलेसची तशीच. हे लोक भरतीच्या दिवशी मिळत नाहीत. मुलगा अठरा-वीस वर्षांचा येतो. इंजिनाच्या आवाजात कुठे खोट आहे हे त्याला ऐकू यायला आठ-दहा वर्षं जातात. आणि नेमका तेव्हाच तो तीस वर्षांचा असतो, लग्न झालेलं असतं, घरात पाळणा हललेला असतो.

"सोडतो तो तेव्हाच," हे म्हणाले. "खालून दहा पोरं भर आणि वरून चार अनुभवी पेटी ऑफिसर गळू दे. कागदावर सहा वाढले. जहाज मात्र धक्क्यालाच."

भाच्याकडे याचा पुरावा रोजच्या डब्याच्या वेळेला समोर असतो. त्याच्या पाळीतले दोघं पूर्वी त्या समोरच्या बेटावरच होते. औषध कारखान्यांना बॉयलर, पंप, वाफेच्या लाइनी सांभाळणारी शिस्तीची माणसं लागतात. नौदल ती तयार करतं. खाडी ओलांडली की पगार जास्त, ओव्हरटाइम वेगळा, आणि रात्री घरी. एवढं जवळ गिऱ्हाईक असल्यावर माल कसा टिकणार?

इथे मला माझी वही आठवली. लग्न १९९१ ला झालं तेव्हापासून मी हिशेबाची वही ठेवते. नेव्हीवाल्याच्या बायकोला ती ठेवावीच लागते, कारण नवरा वर्षातले अर्धे दिवस 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' एवढ्याच पत्त्यावर राहतो. पत्र टाकायचं त्या पत्त्यावर, ते जहाज असेल तिथे कधीतरी पोचायचं. १९९४ ला विशाखापट्टणमला आम्ही क्वार्टर मिळायची वाट बघत एका खोलीत भाड्याने होतो. मुलाला दमा. यांचं जहाज बाहेर. एका रात्री पोर श्वासासाठी तडफडायला लागलं आणि मला धड तेलुगूही येत नव्हतं. शेजारच्या सिग्नलमनच्या बायकोने रिक्षा आणली. यांना ते कळलं बावीस दिवसांनी. 'आता बरा आहे ना?' असं उत्तर आलं, तोवर पोर गल्लीत क्रिकेट खेळत होतं.

१९९९ ला यांची पंधरा वर्षं भरली. पंधरा वर्षांवर पेन्शन बसते, माणूस मोकळा होऊ शकतो. त्याच सुमारास गावातला एक तारवटी, म्हणजे मर्चंट जहाजावरचा खलाशी, मुंबईच्या एजंटाचा निरोप घेऊन आला. मर्चंट जहाजावर फिटर, पगार डॉलरमध्ये. आमच्या शेजारी त्या तारवट्याचं दोन मजली घर उभं राहत होतं, बाल्कनीला रंगीत काचा. आमच्या घराला तेव्हा मागच्या बाजूला मातीच्याच भिंती होत्या.

हे म्हणाले, तूच ठरव. (हे वाक्य नवरे फार मोठेपणाने म्हणतात. अर्थ एवढाच, की उद्या चुकलं तर तुझं.)

मी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले. एका बाजूला डॉलर. पण करार नऊ महिन्यांचा, मधल्या काळात पगार शून्य. दुसऱ्या बाजूला नेव्हीचा पगार, कँटीन, रेशन, मुलांची शाळा आणि क्वार्टर, जे तोवर एकदाचं मिळालं होतं. तरीही डॉलरचीच बाजू जड होती. पारडं फिरलं ते हॉस्पिटलमुळे. माजी सैनिकांच्या उपचारांची ईसीएचएस योजना २००३ ला आली. १९९९ ला नोकरी सोडली की नेव्हीच्या हॉस्पिटलचा रोजचा आधार गेला, असाच आमचा हिशेब होता. आणि मुलाला महिन्यातून दोनदा नेब्युलायझर लागत होता. मी डॉलरच्या रकान्यावर काट मारली. भारतीय नौदलाच्या इंजिन रूममधला एक अनुभवी माणूस आणखी नऊ वर्षं टिकला तो असा, पेडण्याच्या एका स्वयंपाकघरात, घासलेट संपत आलेल्या स्टोव्हशेजारी. कुठल्या ॲडमिरलला त्याचा पत्ता नाही.

म्हणून आयर्लंडचं वाचताना एका जागी मी थांबले, ती तिथल्या बायकांपाशी.

१९८० च्या दशकात आयर्लंडच्या सैनिकांचे पगार फार कमी होते. सैनिकाला संघटना काढायची परवानगी नव्हती, तोंड उघडायची तर नव्हतीच. मग त्यांच्या बायकांनी उघडलं. नॅशनल आर्मी स्पाउजेस असोसिएशन नावाने त्या एकत्र आल्या, मोर्चे काढले, आणि १९८९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत चक्क उमेदवार उभे केले. जिंकलं कुणी नाही. पण सरकार हललं. डर्मट ग्लीसन यांच्या अध्यक्षतेखाली पगाराचा आयोग बसला, त्याने १९९० ला अहवाल दिला, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने सैनिकांना आपल्या प्रतिनिधी संघटना काढता आल्या. आज तिथे जवानांची 'पीडीफोरा' आणि अधिकाऱ्यांची 'राको' अशा दोन संघटना आहेत. त्या पत्रकारांशी बोलतात, मंत्र्याला जाब विचारतात. संप मात्र करता येत नाही.

मी हे वाचलं आणि क्वार्टरमधली आमची बायकांची मंडळं आठवली. आम्ही तिथे भरतकाम शिकलो, केक शिकलो, बाळंतपणात एकमेकींच्या उशाशी बसलो. पगाराचा 'प' कुणी काढला नाही. काढायचा असतो हेच माहीत नव्हतं.

पण संघटना आल्या म्हणून आयर्लंडचा प्रश्न सुटला, असं झालं नाही. २००८ ला त्यांच्या बँका कोसळल्या. सगळ्या सरकारी नोकरांचे पगार कापले, त्यात सैनिकांचेही. २०१२ ला तीन ब्रिगेडच्या दोन केल्या, काही छावण्या बंद केल्या. ज्याचं घर एका गावात, त्याची नोकरी दुसऱ्या टोकाला गेली. २०१३ पासून नव्याने लागणाऱ्यांची पेन्शन शेवटच्या पगारावरून नाही, तर सगळ्या नोकरीतल्या सरासरी पगारावरून ठरायला लागली. म्हणजे १९९९ च्या माझ्या दोन रकान्यांतला उजवा, नेव्हीचा रकाना त्यांनी हळूहळू पुसत आणला. इकडे देशात औषध कंपन्या, संगणक कंपन्या धो धो पगार देत होत्या. बाईने वही उघडून बघितली की उत्तर तयारच.

मग उपाय सुरू झाले. २०२१ पासून, दोन वर्षं समुद्रावर राहण्याचं कबूल करणाऱ्याला दहा हजार युरो, हप्त्याहप्त्याने. बोटीवर असताना दिवसाप्रमाणे वेगळा भत्ता असतो, तो आहेच. पण त्यात एक गंमत, खरं तर रड. माणसं नाहीत म्हणून जहाज धक्क्याला बांधलं, की जे उरलेत त्यांचेही समुद्रावरचे दिवस कमी, म्हणजे भत्ता कमी. आणि जी जहाजं चालू आहेत त्यांवर त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा जायला लावायचं. दोन वर्षं समुद्र, दोन वर्षं किनारा असा फेरा तिथे ठरलेला. पण किनाऱ्यावरचा माणूस जहाजावरची रिकामी जागा भरायला ओढला गेला, की तो फेरा कसला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने सरळ तीन पर्याय पुढे ठेवले. पहिला, आहे तसं रेटत राहा. दुसरा, बऱ्यापैकी सुधारणा. तिसरा, युरोपातल्या तशाच इतर देशांसारखी फौज. सरकारने जुलैत मधला घेतला. वर्षाचा खर्च एक अब्ज दहा कोटी युरोंवरून २०२८ पर्यंत दीड अब्जावर न्यायचा आणि माणसं ११,५०० करायची. आकडा लिहायला सोपा आहे. साडेसात हजारांवरून साडेअकरा हजार, तेही दरवर्षी माणसं सोडून जात असताना. दरम्यान २०२३ ला एका स्वतंत्र समितीचा अहवाल आला, त्यात फौजेतल्या छळाबद्दल आणि महिला सैनिकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल फार वाईट लिहिलं होतं. आईबापांनी तेही वाचलंच असेल.

भाचेसुनेला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मावशी, माणसं नसली तर नक्की बिघडतं काय? इथे युद्ध कुठे आहे?"

प्रश्न चुकीचा नाही. मीही शोधलं. जानेवारी २०२२, युक्रेनवर हल्ला व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी, रशियाने जाहीर केलं की आम्ही आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, किनाऱ्यापासून सुमारे २४० किलोमीटरवर नौदलाचा सराव करणार, तोफा-क्षेपणास्त्रांसकट. जागा आयर्लंडच्या आर्थिक क्षेत्रातली, म्हणजे तिथल्या मासळीवर हक्क त्यांचा, पण समुद्र आंतरराष्ट्रीय. कायद्याने थांबवता येईना. पुढे कोण आलं? मच्छीमार. आमचं मासेमारीचं पाणी आहे, आम्ही बोटी घेऊन तिथे जाणारच, असं त्यांनी बजावलं. शेवटी रशियाने सराव त्या क्षेत्राबाहेर नेला. वाचताना मला आमचे रापणकार, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार दिसत होते, एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या ट्रॉलरांना अडवायला निघालेले. शूर माणसं, वाद नाही. पण रापणकारांनी आरमाराचं काम करावं लागणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे.

त्याच समुद्राखालून अमेरिका-युरोपच्या इंटरनेटच्या तारा जातात. अमली पदार्थांची वाटही तीच. सप्टेंबर २०२३ मध्ये 'मॅथ्यू' नावाचं मालवाहू जहाज त्यांनी पकडलं, त्यात सव्वादोन टन कोकेन. पाठलाग केला 'येट्स'ने, कवीच्या जहाजाने, इशाऱ्याच्या गोळ्या झाडत. वरून हेलिकॉप्टरातून त्यांचे खास कमांडो दोरीने उतरले. म्हणजे माणसं असली की ती कमी नाहीत, हेही दिसलं. पण त्याच वर्षी त्यांनी जाहीर केलं होतं, की गोलान टेकड्यांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतून आपली तुकडी काढून घेऊ, कारण युरोपीय संघाच्या तुकडीलाही माणसं द्यायची आणि दोन्हीकडे पुरवायला माणसं नाहीत. एक पांघरूण, डोकं झाकलं की पाय उघडे.

आमच्या वडिलांनी अशी एक फौज जवळून पाहिलेली. डिसेंबर १९६१ चा गोवा. पोर्तुगालही छोटाच देश. इथे त्यांचे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक, आणि नौदलाचं नाव घ्यावं असं एकच जहाज, १९३० च्या दशकातलं 'अफोन्सो द अल्बुकर्क'. लिस्बनहून हुकूमशहा सालाझारचा हुकूम, शेवटच्या माणसापर्यंत लढा. एक गोष्ट इथे चवीने सांगतात. गोव्याहून म्हणे दारूगोळ्यासाठी सांकेतिक शब्दात 'शोरिसां'ची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजची मागणी गेली आणि विमानातून खरीखुरी शोरिसां आली. खरंखोटं देव जाणे. पण ती गोष्ट इतकी वर्षं टिकली याचं कारण, वरच्यांच्या कागदावरची फौज आणि खालच्या माणसांच्या हातातली फौज यांत केवढं अंतर असतं, हे इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि माणसं वाचवली. त्याबद्दल त्यांना सैन्यातून हाकललं. परत घेतलं ते १९७४ च्या क्रांतीनंतर. माझ्या भाच्याचा पासपोर्टही त्याच तारखेच्या आधीच्या एका जन्मनोंदीवर उभा आहे, म्हणून हे आठवलं.

आपल्याकडे चित्र उलटं, निदान वरवर. तिथे जाहिरात करून माणूस येत नाही. इथे एका जागेमागे रांग. माझ्या शेजारचा मुलगा अग्निवीर म्हणून गेला. चार वर्षं, पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातला तीस टक्के सेवानिधीत कापला जातो, म्हणजे हातात एकवीस. शेवटी व्याजासकट साधारण पावणेबारा लाख, आणि चारांतला एक पुढे कायम. त्याच्या आईने मला विचारलं होतं, बरं आहे का? मी म्हटलं, पोराच्या दृष्टीने वाईट नाही. पण इंजिनाचा आवाज ओळखायला आठ-दहा वर्षं लागतात हे आमच्या यांचं म्हणणं खरं असेल, तर चारांतल्या तिघांना तो आवाज कधीच ऐकू येणार नाही. यावर हे माझ्याशी वाद घालतात. तरुण फौज हवीच म्हणतात. घालू देत.

एक गोष्ट मात्र दोन्ही देशांत सारखी निघाली. आपल्याकडे सहाव्या वेतन आयोगाने २००८ ला 'मिलिटरी सर्व्हिस पे' आणला, जवानांना दोन हजार. सातव्याने ५,२०० केला. आयर्लंडमध्येही 'मिलिटरी सर्व्हिस अलाउन्स' असतो. दोन्हीचा अर्थ एकच. तुला ओव्हरटाइम नाही, संप नाही, आज येत नाही म्हणायची सोय नाही, तर हे घे. बायकोसाठी मात्र असा रकाना कुठेच नाही.

(पेन्शनचंही सांगून टाकते. यांच्या पेन्शनच्या कागदात एका कार्यालयाने जन्मवर्ष चुकीचं टाकलं. ते दुरुस्त व्हायला चौदा महिने आणि माझ्या सात फेऱ्या लागल्या. यांना पाठवलं असतं तर दुसऱ्या फेरीला भांडून आले असते.)

तर रविवारी पुन्हा फोन. या वेळी चौघंही होतो. मी माझी वही काढून कॅमेऱ्यासमोर धरली आणि भाचेसुनेला म्हटलं, जाऊ दे की नको हे मी सांगणार नाही, पण दोन रकाने आख. त्याचा आजचा पगार ओव्हरटाइमसकट. तिथला पगार, समुद्रावरचा भत्ता वेगळा लिही आणि ते दिवस निम्मेच धर. तो चार आठवडे बोटीवर असताना तुझ्या नाइट ड्यूट्या असतील, तेव्हा पोरीला पाळणाघरातून कोण आणणार, आणि त्याचे पैसे किती. पेन्शन कुठल्या वर्षापासून, किती. चाळिशीत इंजिन रूममधला उन्हाळा सोसेल का. आणि सगळ्यांत खाली लिही, त्याला हे का हवंय. ते त्याच्याकडून लिहून घे, त्याच्याच अक्षरात.

ती शांतपणे लिहून घेत होती. पाळणाघरापाशी तिचं पेन थांबलं. "मावशी, इथलं पाळणाघर म्हणजे माझा अर्धा पगार," ती म्हणाली.

"मग तेच आधी लिही."

शेजारच्या चौकटीत दुसरंच चाललं होतं. हे कॅमेऱ्याच्या इतके जवळ गेले होते की तिकडे नुसतं कपाळ दिसत असणार.

"बेकेटला इंजिन कुठलं रे?"

"वार्टसिला, काका. दोन आहेत."

"वार्टसिला!" हे खुर्चीतून अर्धे उठले. "सिलिंडर किती? वॉचला माणसं किती ठेवतात? आत जायला देतील का बघायला?"

भाच्याचा चेहरा असा खुलला होता की मी भाचेसुनेकडे बघितलं, आणि तिने माझ्याकडे. तिने पेनाचं टोपण लावलं नव्हतं.